बिनबाह्यांची जर्सी

२१ सप्टेंबर

वहिनी,

फोन केला की दादा उचलतो आणि मला हवामान सांगतो. तुमच्याकडे धुकं लवकर उतरलं, नळाला हात लावला की बोटं बधिर होतात, हे आता मला पाठ झालंय. "वहिनी कशी आहे?" विचारलं की म्हणतो, "आहे." म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच "बरं, ठेवतो" म्हणता येत नाही.

इकडे सगळं ठीक. दुकानात थंडीचे कोट यायला लागलेत. दर वर्षी हेच. उन्हाळ्यात माणसं सुटतात आणि कोटांनी काय पाप केलंय म्हणून तेच सैल करून मागतात. बाबांना जरा खोकला आहे, बाकी ठणठणीत.

त्या सभेतून तू उठून गेलीस आणि आठवडाभरात तुम्ही दोघांनी गावच सोडलं. तू गेल्यावर खोलीत काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसणार. दादा तर तिथे नव्हताच. तो सभेला कसला येतोय.

मैदानावरच्या प्रेक्षकांच्या स्टँडखालची ती लांबोडकी खोली डोळ्यांसमोर आण. भिंतींना ओल, घडीच्या खुर्च्या, आणि टेबलामागे आपले बाबा, फुटबॉल क्लबच्या समर्थक मंडळाचे अध्यक्ष. बेकरीवाला तेव्हा रंगात आला होता. तुझ्या देशाचं पर्यटन खातं क्लबला पैसे देतंय, छप्पर होईल, लहान पोरांचा संघ वाचेल. बदल्यात काय, तर जर्सीच्या डाव्या बाहीवर देशाचं नाव आणि खाली 'या, आमचे पाहुणे व्हा'. "एवढ्याशा बाहीवरून एवढं रामायण?" तो म्हणाला. "मी पाव विकताना गिऱ्हाइकाच्या घरात काय चालतं ते विचारतो का?"

मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले, "गिऱ्हाईक तुझ्या पावावर स्वतःचं नाव छापून मागतं का?"

सगळे हसले. तूही हसलीस, मी बघितलं. आणि मग तू उभी राहिलीस.

तू जे बोललीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "माझा भाऊ चित्रकला शिकवायचा. शाळेच्या भिंतीवर त्याने एक चित्र काढलं. तेव्हापासून तो तुरुंगात आहे. बाहीवर लिहिलंय, आमचे पाहुणे व्हा. माझा भाऊ त्यांचाच पाहुणा आहे."

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. आणि बाबांनी ते वाक्य म्हटलं. "मैदानात चेंडू येतो पोरी, देश येत नाही." म्हटलं आणि हात वर केला.

तू गेलीस. त्यानंतर बाकीचे हात वर झाले. माझा खाली होता, मास्तरांचा खाली होता, अजून पाचसहा जणांचा. ठराव आरामात पास झाला. बेकरीवाला हात मिळवायला पुढे आला तर बाबा चष्मा पुसत होते. तो हात पुढे करून उभा, आणि बाबा पुसतच राहिले. खोली रिकामी झाल्यावर त्यांनी तुझ्या खुर्चीवर राहिलेला मफलर उचलला. आता तो आपल्या दारामागच्या खुंटीवर आहे. मी म्हटलं, पाठवून देऊ? तर म्हणाले, "येईल तेव्हा घेईल."

मी त्यांची वकिली करायला लिहीत नाही. जे झालं ते कुणीतरी तुला सांगायला हवं, एवढंच.

तुझी ताई

१६ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं उत्तर नाही. नको देऊस. मी लिहीत राहीन.

काल बाबा आणि मी मैदानावर गेलो होतो. आपल्या ओळीत चार खुर्च्या, आणि माणसं दोन. आईच्या खुर्चीवर मी पिशवी ठेवते. तुझ्या खुर्चीवर बाबा काही ठेवू देत नाहीत. पुढच्या ओळीतल्या कुणीतरी कोट टाकला तर त्याला असं झापलं की बिचाऱ्याने सामनाभर कोट मांडीवर धरला.

तुला आठवतं, ऑफसाइड म्हणजे काय ते बाबांनी तुला माझ्या दुकानातल्या टेबलावर शिकवलं होतं? माझी बटणं घेऊन. काळी बटणं आपली, पांढरी त्यांची, आणि गोलकीपर म्हणून कुणाच्या तरी कोटाचं पितळी बटण. ते पितळी बटण नंतर सापडलंच नाही आणि मला त्या गिऱ्हाइकाला सगळा संच बदलून द्यावा लागला. तेव्हा तुला आपली भाषा जेमतेम येत होती. पहिलं अख्खं वाक्य तू स्टँडमध्ये शिकलीस, "रेफ्री, चष्मा घरी विसरलास का!" आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने वजनात मारलं तर त्यालाही तेच ऐकवलंस. बाबा ही गोष्ट बसमध्ये अनोळखी माणसांनासुद्धा सांगायचे. आयुष्यभर बस चालवली, तेव्हा प्रवाशांशी बोलायला मनाई होती. निवृत्तीनंतर सगळं भरून काढलं.

पोस्टमन गेला, वहिनी. आपल्या मागच्या ओळीतला, शिट्टी वाजवणारा. काल त्याच्या खुर्चीवर जर्सी पसरली होती. तू ही रीत ऐकलीस, पण बघितली नव्हतीस. ज्या हंगामात माणूस जाईल त्याच हंगामाची जर्सी त्याच्या खुर्चीवर एक सामनाभर ठेवायची. सामना संपला की ती अंगात घालून घरी न्यायची. कुणी? तर गेलेल्याने ज्याला पहिल्यांदा मैदानावर आणलं, त्याने. मुलगा असो, शेजारी असो. रक्ताचं नातं इथे चालत नाही. आईची मी नेली. मला तिनेच आणलं होतं, बाबा तेव्हा रविवारीही बस चालवायचे. त्या वर्षी जर्सीवर उंदीर मारायच्या औषधाची जाहिरात होती. मी रडत रडत घरी चालले होते आणि छातीवर मेलेला उंदीर. रस्त्यातल्या लोकांना हसावं की गप्प बसावं कळेना. बाबा म्हणाले होते, "हंगाम कुणाला निवडून मिळत नाही. जो मिळाला तो घालायचा." ती अट त्यांनीच पुढे मंडळात पक्की करून घेतली.

काल पोस्टमनची जर्सी त्याच्या भाचीने घातली. डाव्या बाहीवर ते नाव. ती आमच्या समोरून गेली तेव्हा बाबा बघत राहिले. घरी आलो. दाराशी किल्ली शोधता शोधता म्हणाले, "माझी कोण नेणार?"

मी म्हटलं, मी आहे की.

"तुला तुझ्या आईने आणलं. तू तिची नेलीस. तुझ्या दादाला चेंडू गोल असतो हेसुद्धा ऐकून माहीत." मग बराच वेळ कुलपाशी खटपट केली. "मी एकच माणूस आणला."

ज्या जर्स्या न्यायला कुणी येत नाही त्या सभेच्या खोलीतल्या खोक्यात जातात. तू ते खोकं बघितलं आहेस, त्यावर तू एकदा चहाचा कप ठेवला होतास आणि बाबांनी तो पटकन उचलला होता. का उचलला ते तेव्हा तुला कुणी सांगितलं नाही.

ताई

३ जानेवारी

वहिनी,

खोकल्याबद्दल मी खोटं लिहिलं. तो खोकला नव्हता. डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला, मला त्यात काही कळलं नाही, डॉक्टरांचा चेहरा कळला. दादाला मी कालच सांगितलंय. तुला सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे.

"का नाही?" मी भांडले. "ती येईल."

"म्हणूनच," बाबा म्हणाले. "तो पोरगा आठवतो, सातव्या नंबरचा? कुणी नुसता वारा घातला तरी पाय धरून लोळायचा. रेफ्री शिट्टी वाजवायचा आणि आम्ही त्याला शिव्या घालायचो. आजारपण दाखवून माणूस बोलवायचा म्हणजे तेच. मी लोळणार नाही."

म्हणून मी तुला ये म्हणत नाही. फक्त खोटं तसंच ठेवणं मला जमलं नाही.

दुसरी गोष्ट सांगायची आहे ती अशी. क्लबने नवी कमान उभारलीय. पैसे कुणाचे ते तुला सांगायला नको. बाजूची जुनी फाटकं बंद केली, आता सगळ्यांनी त्या एकाच कमानीखालून जायचं. कमानीवर निळा समुद्र, पांढरी घरं आणि मधोमध दीपस्तंभ. दीपस्तंभात खरा दिवा बसवलाय, तो पेटतो आणि विझतो.

परवा बाबा त्याच्याखाली थांबले. मला वाटलं दम लागला. मागून माणसं यायला लागली, ढकलाढकली सुरू झाली, तरी हलेनात. वर बघत होते.

"हाच का तो?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"दीपस्तंभ. पोरगी सांगायची तो. तिच्या गावचा."

तू हे त्यांना कधी सांगितलं होतंस ते मला माहीत नव्हतं. त्यांनीच सांगितलं. कुठल्यातरी कंटाळवाण्या सामन्यात, शून्य-शून्य चाललेलं असताना, तू म्हणाली होतीस की तुरुंग दीपस्तंभाच्या मागे आहे. तुझ्या आईने कळवलं होतं, भावाच्या खोलीत त्या दिव्याचा झोत येतो, भिंतीवरून फिरतो आणि निघून जातो. तो भिंतीवर काही काढत नाही आता, पण झोताची वाट बघतो.

"मी तेव्हा काय म्हटलं माहीत आहे?" बाबा म्हणाले. "म्हटलं, बघ बघ, कॉर्नर मिळाला."

मागून बेकरीवाला ओरडला, "अहो अध्यक्ष, इथेच स्टॉप केलाय का? गाडी पुढे घ्या!" लोक हसले. एरवी बाबांनी याला चौपट परत दिलं असतं. ते वळले आणि घरी आले. सामना न बघता. आम्ही तीन-एक जिंकलो, ते मला दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाकडून कळलं.

ताई

२२ फेब्रुवारी

वहिनी,

आज बाबांनी मला कामाला लावलं. पलंगावर उशांना टेकून बसले होते, या हंगामाची जर्सी मांडीवर. म्हणाले, "ही अक्षरं निघतील का?"

ती अक्षरं शिवलेली नसतात, गरम दाबाने चिकटवलेली असतात. मी वर ओला कपडा टाकून इस्त्री फिरवली आणि नखाने एकेक सोलत गेले. सोपं नव्हतं, पण निघाली. मग बाबांनी बाही खिडकीकडे धरली. जिथे अक्षरं होती तिथे कापडाचा रंग ताजा राहिलाय आणि बाकीचा धुऊन फिकट झालाय. सगळं वाचता येत होतं. उलट जास्तच नीट.

जर्सी माझ्या पुढ्यात सरकवून म्हणाले, "कापून टाक."

"बाही?"

"मग काय माझं नाक?"

मी मोठी कात्री आणली. वहिनी, इतकी वर्षं कापडं कापतेय, पण जर्सीला कात्री लावताना माझा हात अडला. खांद्याजवळच्या मुंढ्यापासून बाही कापून वेगळी केली. बाबांनी जर्सी उचलून बघितली, एक बाही आहे, एक नाही.

"दुसरीही काप. एक हात थंडीत, एक उबेत, लोक विचारतील काय झालं म्हणून."

"दोन्ही कापल्या तरी विचारतील."

"मग सांग, म्हातारा शेवटी पैलवान झाला."

आणि हसता हसता खोकला आला आणि तो थांबेना. पाणी दिलं, पाठ चोळली. शांत झाल्यावर म्हणाले, "मुंढे दुमडून नीट शिव. दोरे लोंबायला नकोत. आणि माझ्या मापाने नको."

कुणाच्या मापाने, हे मी विचारलं नाही. तुझं माप माझ्याकडे आहे, लग्नाच्या वेळचा कोट मीच शिवला होता. मी बाजूंनी आत घेतली. ते शिलाई बघत होते, मध्येच म्हणाले, "अटीत एवढंच आहे की त्याच हंगामाची हवी. अख्खी हवी असं कुठे म्हटलंय?"

वहिनी, तुला त्यांनी 'चुकलो' म्हणावं असं मला वाटत होतं. फोन लावून देते म्हटलं, तर भिंतीकडे वळले. आयुष्यात त्यांनी तो शब्द कुणाला म्हटलेला मी ऐकला नाही, आईलासुद्धा नाही. आईशी भांडण झालं की तिच्या सायकलला तेल घालायचे. तुला हे पुरेसं वाटावं असं मी म्हणणार नाही. पुरेसं नाहीच. पण त्यांच्याकडे जे होतं ते त्यांनी काढून दिलं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, म्हणून लिहिते.

बाह्यांचं काय करू विचारलं. म्हणाले, "इस्त्री पुसायला घे."

ताई

९ मार्च

वहिनी,

दादा येऊन गेला, त्याने सगळं सांगितलं असेल. तो कित्येक वर्षांनी बाबांच्या खोलीत जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा. मी तुझ्याबद्दल विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. निघताना खुंटीवरच्या मफलरला हात लावला आणि सोडला.

शेवटच्या दिवशी बाबा फार बोलले नाहीत. मला विचारलं, "रविवारी कुणाशी आहे?" मी सांगितलं. "जड जाईल," म्हणाले.

या रविवारी त्यांची जर्सी खुर्चीवर असेल. सामना दुपारी आहे. मास्तर मंडळात भांडून आले, कारण काहींचं म्हणणं, कापलेली जर्सी ठेवणं हा अपमान आहे. मास्तर म्हणाले, "ज्याने अट घातली त्यानेच कापलीय. आता अपील कुणाकडे करायचं ते तुम्हीच सांगा." मग बेकरीवाला म्हणाला, "ठेवू द्या. त्यांची खुर्ची आहे."

तू यावंस असं मी लिहिणार नाही. मीही लोळणार नाही.

ताई

२५ मार्च

वहिनी,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं.

रविवारी मी लवकर गेले. जर्सी खुर्चीवर पसरली, दोन्ही बाजूंनी टाचण्या लावल्या, वारा होता. शेजारच्या तुझ्या खुर्चीवर काही ठेवलं नाही. येणारे जाणारे थांबायचे, कुणी पाठीला हात लावायचं. जर्सीच्या पाठीला. एकाने विचारलंच, बाह्या कुठे? मी पैलवानाचं सांगितलं. तो हसला आणि मग त्याला रडू आलं आणि चिडून म्हणाला, "काय हा माणूस."

मी सामना बघितला नाही. जिन्याकडे बघत होते. प्रत्येक तपकिरी कोट तुझा वाटायचा. मध्यंतर झालं. दुसरा अर्धा भाग सुरू झाला. एक-एक बरोबरीत सुटला. माणसं उठली, आणि बरीचशी गेली नाहीत, जिन्यावर उभी राहिली, कारण सगळ्यांना बघायचं होतं कोण नेतं. मी तशीच बसून राहिले. मग तीही गेली. झाडूवाल्या बाई खालून खुर्च्या झाडत आमच्या ओळीपर्यंत आल्या आणि ओळ सोडून पुढच्या ओळीला लागल्या.

शेवटी मी टाचण्या काढल्या. जर्सी घातली नाही, माझी नाही ती. घडी करून कोटाच्या आत धरली आणि निघाले. खोक्यात मात्र टाकली नाही.

कमानीशी फाटकावरचे काका कुलूप लावत होते. म्हणाले, "वहिनी भेटल्या ना?"

मी म्हटलं, कोण वहिनी?

"तुमच्या. सामना सुरू व्हायच्या आधीपासून इथे उभ्या होत्या. मी म्हटलं, चला आत, तुम्हाला तिकीट कोण विचारतंय. तर म्हणाल्या, काका, दुसरं कुठलं फाटक उघडं आहे का? म्हटलं, नाही हो, आता एवढंच." काकांनी वर दिव्याकडे बघितलं. "ते बघत होत्या. मी स्टूल दिलं, बसल्या नाहीत. मग आत गोल झाला, आरडाओरडा झाला. मला म्हणाल्या, आपला का? म्हटलं, आपला. तशा हसल्या. आणि गेल्या स्टेशनकडे."

'आपला का' म्हणालीस. वहिनी, मी ते ऐकून तिथेच त्यांच्या स्टुलावर बसले. तू नाकारलंस तेच स्टूल. काकांनी कुलूप लावायचं थांबवलं आणि उगाच किल्ल्या निवडत राहिले.

तू का परत गेलीस ते मी विचारत नाही. त्या कमानीखालून मी दर आठवड्याला जाते आणि मला काही होत नाही, हेच मला आता टोचतं. बाही बाबांना कापता आली. कमान कापता येईल एवढी कात्री आमच्या घरात कुणाकडे नाही. सभेत हात वर झाला तेव्हा ती गोष्ट बाहीएवढीच आहे असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. तुला तेव्हाच कमान दिसली होती.

पुढच्या हंगामापासून ते नाव काढावं असा ठराव मास्तर आणणार आहेत. पडेल. मी सही केलीय.

या पत्रासोबत जर्सी पाठवतेय. अट अशी आहे की मैदानापासून घरापर्यंत अंगात घालून न्यायची. पण तू जिथे उभी राहिलीस आणि 'आपला का' विचारलंस, तिथपर्यंत मैदान होतं असं मी धरते. बाकीची वाट तू पूर्ण करायची आहेस. पार्सल घ्यायला टपाल कचेरीत जाशील ना, तिथेच घाल आणि घरी चालत जा. तुमच्याकडे गारठा आहे, आतून लोकरीचं काहीतरी घाल, मुंढे मी त्या हिशेबाने सैल ठेवलेत. घालावंसं वाटलं नाही तर दादाला सांगू नकोस, मला सांग. मी येऊन घेऊन जाईन आणि माझ्या कपाटात ठेवीन. त्यावर कुणी चहाचा कप ठेवणार नाही.

मफलर मात्र पाठवत नाही. तो खुंटीवरच आहे. त्याबद्दल बाबा काय म्हणाले होते ते मी तुला पहिल्या पत्रात लिहिलंय, आणि त्यांचा तो शब्द मी मोडणार नाही.

तुझी ताई